सुध्या, दिल्याच्या रिपोर्टबद्दल

सांगली
रविवार

प्रिय सुध्या,

सप्रेम नमस्कार. फोनवर तू "बरं बरं, बघतो" म्हणून ठेवून देतोस, म्हणून पत्रच लिहितोय. इकडे सगळे ठीक. आईचा गुडघा आहे तसाच.

दिल्याच्या रक्ताच्या कर्करोगाचा (सीएमएल) बारा महिन्यांचा पीसीआर तपासणीचा रिपोर्ट आला. ०.४२. आणि हा पठ्ठ्या पेढे वाटत सुटलाय, कारण त्याच दिवशीचा सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची साधी मोजणी, नॉर्मल आलाय. पांढऱ्या पेशी ६,८००, प्लेटलेट २ लाख १० हजार. वहिनींनी नारळ फोडला. मार्केट यार्डात "आजार गेला" असं सांगूनही झालं. मला त्यांचा आनंद मोडवत नाही आणि गप्पही बसवत नाही.

गेल्या मे महिन्यात पांढऱ्या पेशी १ लाख ८० हजार होत्या, प्लीहा बेंबीपर्यंत हाताला लागत होती. तू होतासच. त्या मानानं आजचा सीबीसी बघून कुणालाही हायसं वाटेल. पण इमॅटिनिब, म्हणजे त्याची रोजची गोळी, सुरू झाली की सीबीसी बहुतेकांचा पहिल्या तीन महिन्यांतच ताळ्यावर येतो. ती पहिली पायरी, आणि तिथून पुढचं सीबीसीला दिसतच नाही. हळदीच्या ढिगावर नजर टाकून माल चांगला म्हणणं वेगळं आणि पोतं उपसून किडकं हळकुंड शोधणं वेगळं, असं सांग, दिल्याला लगेच पटेल. पोतं उपसायचं काम पीसीआरचं. नऊ आणि बावीस नंबरच्या गुणसूत्रांचे तुकडे आपापसांत बदलून बीसीआर-एबीएल हे जे जनुक तयार होतं, त्याची खूण रक्तात किती उरली ते तो मोजतो.

हा आकडा दहा-दहा पटीनं उतरायला हवा. तिसऱ्या महिन्याला १० टक्के किंवा कमी, सहाव्याला १, बाराव्याला ०.१. युरोपियन ल्युकेमियानेट या रक्ताच्या कर्करोगाच्या तज्ज्ञांच्या गटाच्या २०२० च्या शिफारशींत हेच टप्पे आहेत. दिल्याचे बघ: ८.६, मग ०.९, नवव्या महिन्याला ०.१८. कसा सरळ उतरत होता! आणि आता ०.४२. बाराव्या महिन्याला ०.१ ते १ च्या मधे आकडा असला तर तो इशारा. औषध हरलं असं नाही. एकच्या वर असता तर ती भाषा आली असती. ०.१ च्या खाली गेला की त्याला मेजर मॉलिक्युलर रिस्पॉन्स म्हणतात, आणि तो मिळून टिकला की या आजारानं माणूस दगावण्याची भीती फार कमी होते. आपल्याला दिल्या तिथं पोचलेला हवाय.

आता आकडा चढला का? एक कारण लॅबचं असू शकतं. यावेळी त्यानं घराजवळ पडते म्हणून लॅब बदलली. आधीच्या तिन्ही रिपोर्टांवर आकड्यापुढं 'आयएस' छापलंय, म्हणजे आंतरराष्ट्रीय मापावर आणलेला आकडा. नव्यावर नुसतं गुणोत्तर. प्रत्येक लॅबचं यंत्र वेगळं, रसायनं वेगळी. रूपांतराचा गुणक लावल्याशिवाय दोन लॅबचे आकडे शेजारी ठेवताच येत नाहीत. एकाच लॅबमध्येसुद्धा दुप्पट-तिप्पट फरक निव्वळ मोजणीतला असू शकतो. त्यात यानं रक्त दिलं शनिवारी संध्याकाळी! ती जांभळ्या टोपणाची नळी कुरिअरनं पुण्याला जाणार, मधे रविवार. पीसीआरला पेशीतला आरएनए (जनुकाची नक्कल) लागतो आणि नळी पडून राहिली की तो तुटत जातो. रिपोर्टच्या तळाशी एबीएल या कंट्रोल जनुकाच्या, म्हणजे नमुना पुरेसा आहे का ते दाखवणाऱ्या जनुकाच्या, प्रती लिहितात, त्या १०,००० च्या वर हव्यात. याच्या ३,१००. असल्या नमुन्यावरचा आकडा इकडेतिकडे हलतो. उद्या त्यावर 'आढळलं नाही' आलं असतं तरी मी मानलं नसतं. तळाची ती ओळ कुणी वाचतच नाही, आणि माझा जीव तिथंच तुटतो.

पण सगळं लॅबवर ढकलून भागणार नाही. सुध्या, मला वाटतं तो गोळ्या बुडवतोय.

फेब्रुवारीपासून हळदीचे सौदे. तो नुसत्या चहावर बाहेर पडतो, जेवायला चार वाजतात. ४०० ची गोळी रिकाम्या पोटी घेतली की मळमळतं, म्हणून "जेवल्यावर घेतो", आणि जेवल्यावर विसरतो. वहिनी बोलता बोलता म्हणाल्या, मार्चमधल्या पाकिटातल्या गोळ्या अजून शिल्लक आहेत. रात्री पोटऱ्यांत गोळे येतात, सकाळी डोळ्यांभोवती सूज असते. "शेठ, जागरण झालं का?" असं कुणी विचारलं की त्याला लागतं. डॉक्टरांना मात्र "सगळं वेळेवर" म्हणून सांगून येतो. अरे, या पेटक्यांवर आणि सुजेवर उपाय आहेत, पण सांगितलं तर!

महिन्यात तीन गोळ्या चुकल्या की नव्वद टक्क्यांवर आलास. लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी बाटलीच्या झाकणात चिप बसवून हे मोजलं होतं, २०१० मध्ये छापून आलं. नव्वद टक्के किंवा त्याहून कमी गोळ्या घेणाऱ्यांत सहा वर्षांत मेजर रिस्पॉन्स मिळण्याची शक्यता २८ टक्के निघाली, त्याहून जास्त घेणाऱ्यांत ९४. केवढा फरक!

खरी भीती पुढची. गोळ्या बुडतात हे डॉक्टरांना कळलं नाही आणि आकडा चढतच गेला, तर त्यांना वाटणार औषध लागू पडत नाही. मग म्युटेशनची, म्हणजे जनुक बदलून औषधाला दाद देईनासं झालंय का याची, तपासणी, मग औषध बदल. बदलीच्या औषधांपैकी डासॅटिनिबनं छातीत पाणी होऊ शकतं. निलोटिनिब दिवसातून दोनदा, आधी दोन तास आणि नंतर एक तास पोटात अन्न नको, शिवाय साखर आणि हृदय सांभाळायचं. ज्याला जेवणाबरोबरची एक गोळी जमेना त्याला हे जमेल का? हातातलं चांगलं औषध त्यानं असं घालवू नये.

आणि कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवलंय की तीन वर्षांनी गोळ्या बंदच होतात. बंद करून बघतात हे खरं, पण ल्युकेमियानेटच्या त्याच शिफारशींप्रमाणे इमॅटिनिब निदान पाच वर्षं झालेलं हवं आणि आकडा ०.०१ च्या खाली सलग दोन वर्षं टिकलेला हवा. बंद केल्यावर सुरुवातीला दर महिन्याला पीसीआर. एवढं करूनही जवळजवळ निम्म्यांचा आजार परत वर येतो, बहुतेकांचा पहिल्या सहा महिन्यांत, आणि गोळी पुन्हा सुरू करावी लागते. दिल्याला तो विषय आज काढायचाच नाही.

मी बोललो की तो भडकतो. "तू लॅबवाला, तुला सगळीकडे रोगच दिसणार." तुझ्यापुढं त्याला खोटं बोलता येत नाही, कॉलेजातही तू नुसती मिशी पिळलीस की हा सगळं ओकायचा. कर्नाळ रोडच्या प्लॉटवरून तुमचा अबोला आहे, माहीत आहे. चूक दोघांची होती, मी तेव्हाही दोघांना तोंडावर सांगितलं होतं. आता सोड मर्दा. ये एकदा.

आल्यावर "गोळी घेतोस ना?" असं विचारू नकोस, हो म्हणेल. "महिन्यात किती राहतात?" असं विचार आणि पाकिटं मागून मोज. गोळी रात्रीच्या जेवणाबरोबर लावून दे, मोठा ग्लासभर पाणी, आणि लगेच आडवं व्हायचं नाही. एखादी राहिली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. पीसीआर पुन्हा जुन्याच लॅबमध्ये, सोमवारी नाहीतर मंगळवारी सकाळी. आणि डॉक्टरांकडे तू बरोबर जा. बुडालेल्या गोळ्यांचा खरा आकडा त्याच्या तोंडून तिथं निघू दे.

तुझी वाईची बदली रद्द झाली का? मुक्ताला बारावीत किती पडले? वहिनींना नमस्कार. भडंग आणून ठेवतो.

तुझा,
विजय

ता. क. मेमधली पहिली फाईल तुझ्याकडे राहिलीय. येताना आण, जुन्या लॅबला तो पहिला रिपोर्ट दाखवायचाय.