राजवाड्याच्या बागेला चाळीस मिनिटं पुरत नाहीत

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीतला युरोप सहलींवरचा लेख वाचला. लेख छानच होता पण बर्फ आलं, आयफेल टॉवर आला, शॉपिंग आलं आणि बागा मात्र एका ओळीत उरकल्या, ते वाचून राहवलं नाही म्हणून हे पत्र.

मी रिटायर्ड शिक्षिका, सायन्स शिकवायचे. काही वर्षांपूर्वी आम्ही दोघं ग्रुप टूरने युरोपला गेलो होतो तेव्हा एका राजवाड्याच्या बागेत आम्हाला मोजून चाळीस मिनिटं दिली होती, त्यातली पंधरा टॉयलेटच्या लाईनीत गेली आणि उरलेल्या वेळात सगळ्यांनी कारंज्यापुढे फोटो काढले. एका झाडाचं नाव वाचून झालं नाही. ती रुखरुख इतकी वर्षं मनात होती.

लेक-जावई आता म्युनिकला असतात. यंदा जूनमध्ये त्यांच्याकडे गेलो तेव्हा लेकीला आधीच सांगून ठेवलं की मला एक बाग पूर्ण बघायचीय, दिवसभर. ती आम्हाला मेरानोला घेऊन गेली. म्युनिकहून रेल्वेने ब्रेनर खिंड ओलांडून बोल्झानो, तिथे गाडी बदलून मेरानो. गाव इटलीत आहे पण निम्मे लोक जर्मन बोलतात, पाट्याही दोन्ही भाषांत, कारण पहिल्या महायुद्धापर्यंत हा सगळा मुलूख ऑस्ट्रियाचा होता. तिथल्या ट्राउटमान्सडॉर्फ कॅसलभोवती १२ हेक्टरची बोटॅनिकल गार्डन आहे.

या कॅसलमध्ये ऑस्ट्रियाची सम्राज्ञी एलिझाबेथ, जिला तिकडे सगळे लाडाने सिसी म्हणतात, ती १८७० च्या थंडीत येऊन राहिली होती. धाकटी लेक मारी व्हालेरी तेव्हा जेमतेम अडीच वर्षांची, तब्येतीने नाजूक, तिला चांगली हवा मिळावी म्हणून. १८८९ मध्ये सिसी पुन्हा आली ती मात्र तरुण मुलगा रुडॉल्फ गेल्यानंतर. तिच्या खोल्या बघायला मिळतात. मी तिथे बराच वेळ उभी होते. राणी असो की कोणी, पोराच्या तब्येतीसाठी हवापालटाला जाणारी आई सगळीकडे सारखीच. आणि सम्राज्ञी आली म्हटल्यावर मेरानोची हवा चांगली ही बातमी युरोपभर झाली, गावाचं नशीबच पालटलं.

पण ही बाग सिसीने लावलेली नाही बरं का! महायुद्धानंतर कॅसल या हातातून त्या हातात गेला, पडझड झाली, शेवटी तिथल्या प्रांतिक सरकारने ताब्यात घेऊन दुरुस्त केला आणि बाग लोकांसाठी उघडली ती थेट २००१ मध्ये. पंचवीसेक वर्षांत एवढं उभं केलंय. कॅसलमध्ये २००३ पासून पर्यटनाच्या इतिहासाचं म्युझियम आहे तेही बघण्यासारखं आहे.

बागेत जगभरची जंगलं, ऊन लागणारी झाडं, पाण्याच्या आणि पायऱ्यापायऱ्यांच्या बागा आणि तिथलीच स्थानिक शेती-रानं असे चार मोठे भाग केलेत. उत्तरेचे डोंगर गार वारा अडवतात आणि दरी दक्षिणेला उघडी, म्हणून समोर आल्प्सची शिखरं आणि इकडे पाम, ऑलिव्ह, द्राक्षं असं दृश्य दिसतं. सार्डिनियाहून आणलेला ऑलिव्हचा एक वृक्ष सुमारे ७०० वर्षांचा आहे. खोड पिळून ठेवल्यासारखं, मधे पोकळ, ढोल्याच ढोल्या, आणि वर मात्र चंदेरी कोवळी पानं. म्हणजे आपल्या ज्ञानोबांच्या काळात रुजलेलं झाड की हो! मी हात जोडले. जवळ उभ्या असलेल्या बाई माझ्याकडे बघून हसल्या आणि त्यांनीही खोडाला हात लावला.

वोलेमी पाइन पण आहे. ही जात आधी फक्त जीवाश्मांमुळे माहीत होती, संपली असंच सगळे समजत होते आणि १९९४ मध्ये ऑस्ट्रेलियात सिडनीजवळच्या एका घळीत जिवंत सापडली.

आणि जंगलांच्या भागात भाताची खाचरं! छोटीशीच, पण बांध, पाणी, रोपं सगळं. माझं माहेर मावळातलं, आवणीला मी चिखलात उभी राहिलेय. पाटी वाचली तर ओरायझा सटायव्हा, म्हणजे आपला भातच. एक शाळकरी पोरगी वडिलांना जर्मनमध्ये काहीतरी विचारत होती, लेकीने सांगितलं की ती विचारतेय यातले तांदूळ कुठे असतात. मग मी मराठीत आणि लेकीने जर्मनमध्ये असं आम्ही दोघींनी मिळून तिला लोंबी, साळ, तूस, कांडण सगळं समजावलं. अर्धा तास गेला पण त्या पोरीचे डोळे मला अजून आठवतात.

माझं म्हणणं एवढंच आहे की अशा बागेत गंमत असते ती झाडापाशी थांबण्यात आणि त्याची पाटी वाचण्यात, आणि टूरवाले नेमका तोच वेळ कापतात. सात देश दहा दिवसांत दाखवण्यापेक्षा एक देश कमी करा पण बागेला निदान अर्धा दिवस द्या, सिनियर सिटिझनना तर हेच जास्त आवडेल. चढ मात्र आहे, खालपासून वरपर्यंत साधारण १०० मीटरचा, त्यामुळे गुडघे दुखत असतील तर तळ्याकाठी बसावं, कमळं बघावीत, घाई करू नये. मेरानो गावातून सिसीच्या नावाची पायवाट थेट कॅसलपर्यंत जाते, आम्ही तिने रमतगमत गेलो, येताना बसने आलो. हिवाळ्यात बाग बंद असते, तेव्हा एप्रिल ते ऑक्टोबरमध्येच जा.

अजून एक. १२ हेक्टर म्हणजे सुमारे ३० एकर आणि आपल्या पुण्याचं एम्प्रेस गार्डन ३९ एकरांचं आहे, तिथेही किती जुनी, मोठी झाडं आहेत. जानेवारीतल्या फ्लॉवर शोला आपण गर्दी करतो, तसं एरवीही नातवंडांना घेऊन एकेका झाडापाशी थांबायला जावं असं मला फार वाटतं, मी तर दर गुरुवारी जायला लागलेय. आणि तुमच्या पुरवणीत महिन्यातून एकदा तरी एखाद्या बागेवर, झाडांच्या नावासकट, सविस्तर लेख द्यावा ही विनंती.

कळावे,
एक वाचक, हडपसर, पुणे