रहस्यकादंबऱ्या रद्दीत घालण्यापूर्वी

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

नाशिक शहरातील एका वाचनालयात अलीकडेच जीर्ण पुस्तकांच्या निर्लेखनाचे काम झाले आणि त्यात रहस्यकथांचे जवळजवळ एक अख्खे कपाट सुतळीने बांधून रद्दीत गेले. जीर्ण पुस्तके कधी ना कधी काढावीच लागतात, जागा अपुरी असते आणि पैसा तुटपुंजा असतो, हे मी जाणतो. तेथील कर्मचाऱ्यांना दोष देण्यासाठी हे पत्र नाही. परंतु ‘ही एकदा वाचायची पुस्तके, खुनी कळला की संपले, पुन्हा कोण मागणार?’ हे जे कारण मला सांगण्यात आले, ते मात्र जाहीरपणे खोडून काढावेसे वाटते. न्यायालयातील नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी स्वतः रहस्यकादंबऱ्या लिहू लागलो. रहस्यकादंबरी दोनदा वाचल्याशिवाय कळत नाही आणि ज्याला ती लिहायची आहे त्याला दुसऱ्या वाचनाखेरीज ती शिकण्याची दुसरी शाळा नाही, हे त्या अनुभवावरून मी ठामपणे सांगू शकतो.

पहिल्या वाचनात आपण लेखकाच्या हवाली झालेले असतो आणि तसे व्हायलाही हवे. दुसऱ्या वाचनात शेवट ठाऊक असतो, हातात पेन्सिल असते आणि लेखकाने काय, कुठे आणि कसे लपवले एवढेच पाहायचे असते. समजा, दुसऱ्या प्रकरणात मृताच्या दिवाणखान्याचे वर्णन आहे: भिंतीवर पंचांग, खिडकीशी शिलाई मशीन, टीपॉयवर पानाचा डबा, चष्म्याचे घर, औषधाची बाटली आणि कालचे वर्तमानपत्र. एवढे सांगून होते न होते तोच दारावरची बेल वाजते आणि मृताचा पुतण्या रडत आत येतो. पहिल्या वेळी आपण त्या पुतण्याकडे पाहू लागतो. पुस्तक संपल्यावर परत येऊन पाहिले की लक्षात येते, मृताचा चष्मा चार दिवसांपासून दुरुस्तीला गेलेला असल्याचे पहिल्याच प्रकरणात त्याच्या सुनेने सांगितले होते आणि तो घरासकट दुकानात दिला होता. मग टीपॉयवरचे घर कोणाचे? ते यादीच्या मधोमध ठेवलेले आहे, कारण यादीतील पहिली आणि शेवटची वस्तू वाचकाच्या ध्यानात राहते, मधली सहसा राहत नाही. आणि यादी संपताक्षणी बेल वाजवली आहे, कारण वाचकाला त्या खोलीत क्षणभरही रेंगाळू द्यायचे नव्हते. सुनेचे वाक्य आणि ते चष्म्याचे घर यांच्यामध्ये किती पाने गेली, हेही मोजून पाहावे. अंतर फार कमी असेल तर वाचक दोन्ही जोडतो, फार जास्त असेल तर शेवटी त्याला फसवल्यासारखे वाटते. हे सारे कोणत्याही लेखनकार्यशाळेत सांगून कळणार नाही. एखाद्या चांगल्या लेखकाने ते केलेले पाहावे लागते आणि त्यासाठी ते पुस्तक हाताशी असावे लागते.

आमच्या पिढीला हे वाचन खासगी वाचनालयांनी दिले. दिवसाच्या भाड्याने मिळणाऱ्या त्या छोट्या पुस्तकांचा शेवटचा फॉर्म अनेकदा गळालेला असे, म्हणजे नेमकी उलगड्याची पानेच नसत. मग आधीच्या पानांवर जे मिळेल त्यावरून गुन्हेगार आपणच ठरवायचा आणि मित्राने दुसरी धड प्रत मिळवली की ताडून पाहायचे. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, त्यांच्या झुंजार आणि काळापहाड या नायकांनी शाळा अर्धवट सुटलेल्या माणसांनाही रोज रात्री पुस्तक उघडायला लावले. आणि तरीही त्यांची एक धड, सर्व पाने असलेली जुनी आवृत्ती आज शोधू गेल्यास किती वणवण करावी लागते, हे ज्याने केले आहे त्यालाच ठाऊक. ज्या लेखकाने एका भाषेला एवढे वाचक मिळवून दिले, त्याची पुस्तके त्या भाषेच्या वाचनालयांत नसावीत, याचे मला मनापासून दुःख होते.

आता लेखनाविषयी. नवे लेखक पहिले प्रकरण आधी लिहितात, मृतदेह सापडतो तिथे थांबतात आणि मग खुनी कोण असावा याचा विचार करू लागतात. माझ्या मते क्रम उलटा हवा. वाचकाला जे शेवटी कळणार ते लेखकाला आधी, तासातासाच्या हिशेबाने ठाऊक पाहिजे. कोण कोठून निघाला, कोणत्या रस्त्याने गेला, दार कोणी उघडले, त्या वेळी शेजारची बाई काय करत होती, याचा तक्ता वहीत तयार झाल्याशिवाय मी पहिले वाक्य लिहीत नाही. रोज सकाळी आदल्या दिवशीची पाने मी आधी गुन्हेगाराच्या जागी बसून वाचतो: या क्षणी त्याला काय माहीत आहे, कशाची भीती आहे, तो खोटे बोलतो आहे की अर्धे खरे? ही सवय लागली की पात्रे आपोआप लेखकाच्या सोयीने वागेनाशी होतात. पुढे हस्तलिखित पूर्ण झाल्यावर ते अशा एखाद्या माणसाला द्यावे, जो भीडभाड न ठेवता ज्या पानावर त्याला पहिला संशय आला त्या पानाचा कोपरा दुमडून परत देईल.

अगाथा ख्रिस्ती यांच्या ७३ वह्या उपलब्ध आहेत. त्यांत कथानकांच्या टिपणांच्या शेजारी घरच्या सामानाच्या याद्या आहेत, प्रसंगांना अक्षरे देऊन त्यांचा क्रम बदलून पाहिलेला आहे आणि गुन्हेगार म्हणून निरनिराळ्या पात्रांचा विचार केलेला आहे. पहिल्या महायुद्धात त्यांनी रुग्णालयाच्या औषधालयात काम केले होते, तिथे विषांची ओळख झाली आणि १९२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पहिल्या कादंबरीतील विषप्रयोग इतका बिनचूक होता की औषधनिर्मात्यांच्या नियतकालिकानेही त्याची वाखाणणी केली. प्रतिभेच्या गोष्टी पुष्कळ ऐकायला मिळतात, पण मला ही वही आणि हे औषधालय अधिक मोलाचे वाटते. इंग्लंडमधील धर्मगुरू आणि रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ मध्ये या प्रकारासाठी दहा नियम सांगितले. त्यांतले काही आज कालबाह्य झाले असले तरी गुन्हेगार कथेत लवकर दिसला पाहिजे आणि शोधकाला सापडलेला धागा वाचकापासून लपवता कामा नये, हे दोन नियम मराठी लेखकाने टेबलावर लिहून ठेवावेत असे आहेत.

माझ्या नोकरीमुळे एक गोष्ट मला सतत खटकते आणि तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. आपल्याकडच्या कितीतरी रहस्यकादंबऱ्यांत शेवटच्या प्रकरणात इन्स्पेक्टर सर्वांना एका खोलीत बसवतो, बोट रोखतो आणि गुन्हेगार कोसळून कबुली देतो. कादंबरी तिथे संपते. खटला मात्र तिथे सुरूही होऊ शकत नाही, कारण पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. जुन्या पुरावा कायद्याच्या कलम २५ मध्ये हे होते आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्येही आहे. मात्र आरोपीने कोठडीत दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर त्या माहितीचा त्या शोधाशी थेट संबंध असलेला भाग ग्राह्य धरला जातो. कादंबरीकाराला याहून अधिक काय हवे? आरोपी पंचांसमक्ष पोलिसांना विहिरीपाशी नेतो, पोहणारा आत उतरतो, कोयता वर येतो, पंच सही करतात, आणि उलटतपासणीत कळते की एक पंच त्या दिवशी गावातच नव्हता. अशी शेवटची प्रकरणे मी न्यायालयात घडताना पाहिली आहेत. खोलीत बसवून घेतलेल्या कबुलीपेक्षा ती शतपटीने उत्कंठावर्धक असतात. खुनाचे कलम आता ३०२ राहिलेले नसून भारतीय न्याय संहितेत ते १०३ झाले आहे, एवढे तरी आजच्या काळातील कथा लिहिणाऱ्याने पाहून घ्यावे. मोबाइलचे टॉवर लोकेशन आणि चौकातले कॅमेरे यांमुळे रहस्यकथा संपली, असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. फोन कुठे होता ते यंत्र सांगते, माणूस कुठे होता ते अजूनही शोधावेच लागते.

आणि हे सर्व आपल्या गावात घडू शकते. राज्याची पोलीस प्रबोधिनी नाशिकमध्ये, नोटा छापणारा कारखाना नाशिकरोडला, तरी आमच्या तरुण लेखकांचे खून लंडनसारख्या दिसणाऱ्या बंगल्यांत होतात. पावसाळ्यात गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की पाणी किती आले हे नाशिककर क्युसेकच्या आकड्याआधी गोदावरीच्या पात्रातील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे पाहून ठरवतात: गुडघ्याला लागले, कमरेला लागले, छातीपर्यंत आले. एखादा संशयित सांगतो की त्या बुधवारी संध्याकाळी तो गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर, मारुतीच्या पायाशी बसून होता. पहिल्या प्रकरणात भाजीवालीने सहज म्हटलेले असते की त्या बुधवारी बाजार घाटावर भरलाच नाही, हातगाड्या दुपारीच वर ओढाव्या लागल्या. या दोन वाक्यांत एक अख्खी कादंबरी आहे आणि ती नाशिकबाहेरच्या माणसाला सुचणे कठीण आहे. याउलट ऑगस्ट महिन्यात निफाडच्या मळ्यात पिकलेले द्राक्षाचे घड लटकलेले दाखवले, तर ऑक्टोबरच्या छाटणीची वाट पाहणारा तिथला शेतकरी पुस्तक मिटून ठेवील. बागलाणातल्या आगाप, म्हणजे हंगामाआधी पिकणाऱ्या, बागांचा हिशेब पुन्हा वेगळा. तोही ठाऊक असेल तर कथेला आणखी एक गाठ मारता येते.

म्हणून माझे काही मागणे आहे. नाशिकला सार्वजनिक वाचनालयाची १८४० पासूनची परंपरा आहे, महाराष्ट्राने १९६७ मध्येच सार्वजनिक ग्रंथालयांसाठी कायदा केला. अशा ठिकाणी रहस्यकथेचे पुस्तक निकालात काढण्यापूर्वी त्याची दुसरी प्रत जिल्ह्यात कोठे आहे का, एवढी चौकशी तरी व्हावी. नसेल तर ते पुस्तक बांधणी करून संदर्भ विभागात ठेवावे, तिथे बसून वाचायला आमची ना नाही. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या उपक्रमातून शंभर पुस्तकांच्या पेट्या दूरदूरच्या वाचकांपर्यंत जातात. त्यांत एखादी पेटी केवळ रहस्यकथांची असावी, अशी विनंती मी त्यांनाही करतो. २०२१ मध्ये याच शहरात भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी जयंत नारळीकरांसारखा विज्ञानकथाकार होता. एकेकाळी बाजूला ठेवलेल्या एका प्रकाराला तो मान मिळू शकला, तर रहस्यकथेलाही गंभीर वाचक आणि समीक्षक का मिळू नयेत?

आपल्या वृत्तपत्रालाही एक सुचवावेसे वाटते. रविवारच्या पुरवणीत नाशिक जिल्ह्यातील नव्या लेखकाची रहस्यकादंबरी क्रमशः छापावी, उलगड्याच्या आधीच्या रविवारी वाचकांकडून त्यांचे अंदाज कारणांसह मागवावेत आणि निवडक उत्तरे प्रसिद्ध करावीत. प्रत्येक आठवड्याचे ठरलेले शब्द, ठरलेली मुदत आणि कारणे मागणारा वाचक, यांनी लेखकाला जे वळण लागेल ते एरवी लागायला वर्षे जातील.

माझ्या संग्रहातील रहस्यकथा, ज्यांत काही आता बाजारात मिळत नाहीत, त्या नाशिकमधील कोणत्याही मान्यताप्राप्त वाचनालयाला विनामूल्य देण्यास मी तयार आहे. अट एकच: त्या नोंदवहीत चढवून सभासदांना वाचायला मिळाव्यात. पेन्सिलच्या खुणा मी पुसणार नाही. नव्या लेखकाला त्या उपयोगी पडतील.

आपला विश्वासू,
एक वाचक व लेखक
इंदिरानगर, नाशिक