रॅमचं व्होल्टेज बिलावर लिहून द्या

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

अकोल्यात माझं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. एप्रिल-मे आला की ‘विंडोज पुन्हा टाकून द्या’ म्हणत येणारे ग्राहक वाढतात. काम चालू असताना निळी स्क्रीन येते, झिप फाइल उघडत नाही, गेम मध्येच बंद पडतो. यातल्या कितीतरी यंत्रांत विंडोजचा काहीच दोष नसतो. रॅम, म्हणजे संगणकाची काम चालू असतानाची तात्पुरती मेमरी, ज्या वेगावर चालवली जाते, त्या वेगाला लागणारं व्होल्टेज तिला मिळत नसतं. असेम्बल केलेला संगणक विकताना हे कोणी पाहत नाही आणि ग्राहकाला सांगतही नाही, म्हणून हे पत्र.

लग्नाचे फोटो काढणारे एक गृहस्थ गेल्या उन्हाळ्यात संगणक घेऊन आले. कार्डावरून हार्ड डिस्कवर उतरवलेल्या काही फोटोंचा खालचा अर्धा भाग करडा झाला होता. त्यात सप्तपदीचे फोटो होते आणि कार्ड तोवर फॉरमॅट झालेलं होतं. आधीच्या दुकानाने हार्ड डिस्क बदलायला लावली होती. मी रॅमच्या स्टिकवरचं (पट्टीवरचं) लेबल वाचलं: डीडीआर४ (रॅमची चौथी पिढी), ३२०० चा वेग, १.३५ व्होल्ट. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगच्या स्क्रीनवर, पाहिलं तर वेग हाताने ३२०० टाकलेला आणि व्होल्टेज १.२ वरच सोडलेलं. तपासणीत चुका धडाधड येऊ लागल्या. एक्सएमपी प्रोफाइल, म्हणजे कंपनीने स्टिकमध्येच नोंदवून ठेवलेले वेग-व्होल्टेजचे आकडे, चालू केलं, व्होल्टेज १.३५ झालं, रात्रभर मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्राम चालवला. एकही चूक नाही. यंत्र सुधारलं, पण ते फोटो गेले ते गेलेच.

रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे एका सूक्ष्म कपॅसिटरमधला विद्युतभार. तो सतत गळत असतो, म्हणून साधारणपणे दर ६४ मिलिसेकंदांच्या आत सगळी मेमरी पुन्हा भरून घ्यावी लागते. उष्णता वाढली की गळती वाढते. चिपचं तापमान ८५ अंशांच्या वर गेलं तर हेच काम दुप्पट वेळा करावं लागतं. आमच्याकडे मे महिन्यात खोलीच चाळिशीला टेकलेली असते, कॅबिनेटमध्ये धूळ साचलेली असते. सकाळी गुण्यागोविंदाने चालणारं यंत्र दुपारी तीनला का कोसळतं, याचं उत्तर पुष्कळदा इथे सापडतं.

हे व्होल्टेज भिंतीतल्या सॉकेटचं नव्हे. स्टॅबिलायझर किंवा यूपीएस घेतल्याने यात फरक पडत नाही, तरी लोकांना ते विकले जातात याचा मला राग येतो. मानकाप्रमाणे डीडीआर३ ला १.५ व्होल्ट, डीडीआर४ ला १.२ आणि डीडीआर५ ला १.१ व्होल्ट लागतात, आणि ते मदरबोर्ड पुरवतो; डीडीआर५ मध्ये तर व्होल्टेज नियंत्रणाची चिप स्टिकवरच आली आहे. मानकापेक्षा जास्त वेगाच्या स्टिकला जास्त व्होल्टेज लागतं. किती, ते तिच्या लेबलवर छापलेलं असतं.

दुसऱ्या टोकाचे ग्राहकही येतात. इंजिनीअरिंगची मुलं व्हिडिओ पाहून डीडीआर४ ला थेट १.५ व्होल्ट देतात. बाळांनो, व्होल्टेजने वेग वाढत नाही. ते फक्त ठरवलेल्या वेगावर रॅमला स्थिर ठेवायला मदत करतं, आणि गरजेपेक्षा जास्त दिलं की उष्णता वाढून तीच स्थिरता जाते. शिवाय मेमरी कंट्रोलर, म्हणजे रॅमशी देवाणघेवाण करणारा भाग, आता प्रोसेसरमध्येच असतो. २००८ साली पहिले कोअर आय७ आले तेव्हा रॅमला १.६५ व्होल्टपेक्षा जास्त दिल्यास प्रोसेसरला इजा होऊ शकते, असं इंटेलने बजावलं होतं. २०२३ मध्ये काही रायझन ७००० प्रोसेसर जळाले, तेव्हा ते बनवणाऱ्या एएमडीने एसओसी व्होल्टेजवर (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरसारख्या भागांना मिळणाऱ्या व्होल्टेजवर) १.३ ची मर्यादा घातली. मेमरीचं प्रोफाइल चालू केलं की काही मदरबोर्ड हे व्होल्टेज आपणहून वाढवत होते. तेव्हा प्रोफाइल चालू केल्यावर बायोसमधले सगळे आकडे पुन्हा वाचा, बायोस अद्ययावत ठेवा.

लेबलवरचं व्होल्टेज देऊनही चुका येत असतील, तर ०.०१ किंवा ०.०२ व्होल्ट वाढवून पाहावं आणि प्रत्येक वेळी मेमटेस्ट चालवावा. तेवढ्याने भागलं नाही तर वेग ३२०० वरून २९३३ वर आणावा. चार स्टिक, त्याही वेगवेगळ्या कंपन्यांच्या लावल्या असतील, तर मी व्होल्टेजशी झटापट न करता आधी वेगच उतरवतो. वेगातला हा फरक टायपिंग, हिशेब किंवा फोटोच्या कामात जाणवतही नाही. खराब झालेली फाइल मात्र परत येत नाही.

विक्रेत्या बांधवांना माझी विनंती आहे: संगणक ग्राहकाच्या हाती देण्याआधी एक रात्र मेमटेस्ट चालवा. तो मोफत मिळतो. बिलावर रॅमचा प्रकार, ठेवलेला वेग आणि व्होल्टेज लिहून द्या. शाळा-महाविद्यालयं एकदम वीस-पंचवीस संगणक घेतात. त्यांनी खरेदीच्या अटींतच हे घालावं आणि तपासणीच्या शेवटच्या स्क्रीनचा फोटो मागून घ्यावा. ज्यांनी आधीच संगणक घेतला आहे, त्यांनी कडक उन्हाळा लागायच्या आत कॅबिनेट साफ करून घ्यावी आणि लेबलवरचा आकडा बायोसमधल्या आकड्याशी ताडून पाहावा. त्याआधी महत्त्वाच्या फाइलींची प्रत दुसरीकडे काढून ठेवावी.

आपला,
एक संगणक दुरुस्ती व्यावसायिक, अकोला