काकू, त्या हिरव्या केळ्यांसाठी

प्रिय काकू,

समोर बसून हे बोलायला गेले तर डोळे भरून येतील, म्हणून लिहिते आहे. आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे, कारण ज्यांच्या घरात नुकतंच सीलिॲकचं, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनानं आतड्याला इजा होते त्या आजाराचं, निदान झालं असेल त्यांनाही तुमचा हात लागावा.

लेकीचे रिपोर्ट आले आणि गहू, जव आणि राय हे गव्हासारखंच धान्य कायमचे बंद झाले. औषध नाही, पथ्य हाच उपचार. मी ग्लुटेन-फ्री पिठं आणत होते, लाटत होते, भुगा गोळा करत होते. ती ताटाकडे बघून "भूक नाही" म्हणायची. तेव्हा तुम्ही भाजीची हिरवी केळी घेऊन आलात आणि म्हणालात, "गव्हाची नक्कल सोड. याला याच्या कलानं घे."

सोलण्यापासून सुरुवात केलीत. हाताला आधी तेल, नाहीतर चीक सुटत नाही. दोन्ही टोकं उडवायची, सालीच्या कण्यांवरून उभ्या चिरा द्यायच्या आणि अंगठा आत घालून साल आडवी सोडवायची. सोललेलं केळं लगेच मिठाच्या पाण्यात, म्हणजे काळं पडत नाही.

आणि कुस्करायचं ते गरम असतानाच! हे मी पहिल्यांदा ऐकलं नाही. उकडलेली केळी झाकून ठेवली, अर्ध्या तासानं बघते तर कडक, कुस्करली की ठिसूळ कण. तुम्ही फोनवर रागावला नाहीत. गार होताना त्यातला स्टार्च पुन्हा घट्ट होतो, एवढंच समजावलंत, आणि ती किसून तव्यावर परतायला सांगितलीत. दुसऱ्या दिवशी वाफ असतानाच कुस्करली, तेलाचा हात लावून मळली, तर गोळा असा मऊसूत झाला की बोट दाबलं तर ठसा राहावा. दोन प्लास्टिकच्या कागदांमध्ये थापला, तव्यावर टाकला. तुटला नाही. मी तव्यासमोर उभी राहून रडले, ते तुम्हाला आज सांगते आहे.

कच्च्या केळ्याचे तुकडे, अंडं आणि थोडं तेल मिक्सरमधून काढलं की धिरड्याचं पीठ तयार होतं, हे तिला सर्वांत आवडलं. साल पिवळी होऊन काळे डाग पडले की स्टार्चची साखर होऊ लागते. अशी केळी मी आता लाटायच्या भानगडीत न पडता सरळ तेलावर खरपूस भाजते. केळ्यात प्रथिनं फार कमी, म्हणून सोबत डाळ किंवा अंडं हवंच, हे तुम्ही बजावलं होतंत. लक्षात आहे.

पुढे वाचताना एक गोष्ट सापडली. १९२४ साली न्यूयॉर्कचे डॉक्टर सिडनी हास यांनी सीलिॲकच्या मुलांना केळ्यांचा आहार दिला आणि मुलं सुधारली. गुण केळ्याचा आहे असं त्यांना वाटलं. खरं कारण, त्या आहारात गहू नव्हता. गव्हाचा हा संबंध पुढे नेदरलँड्सच्या विलेम डिके यांनी दाखवला. त्यांचा प्रबंध १९५० चा. म्हणून केळ्याला मी औषध म्हणत नाही. पण ते पोट भरतं, ताटात शोभतं, आणि त्याच्या सालीखाली गव्हाचा कण नसतो.

तो कण बाहेरून येतो, हेही तुमच्यामुळेच कळलं. केळ्याचे वेफर्स बाहेरून आणले तर आधी विचारायचं की त्याच तेलात मैद्याचं काही तळलं होतं का. तुम्ही माझं जुनं लाकडी लाटणं आणि पिठाची चाळणी बाजूला काढायला लावलीत. लाटण्याच्या भेगांत अडकलेलं पीठ मला नखानं उकरून दाखवलंत. ते बघितलं नसतं तर मी ऐकलं नसतं, काकू.

काल लेकीनं पहिल्यांदा स्वतः केळं सोललं. हाताला तेल लाव, असं मी सांगितलं नव्हतं. तिनं आधीच लावलं होतं.

तुमची,
शेजारच्या स्वयंपाकघरातली