गोळीला कसं कळतं, कुठे दुखतंय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी २२ वर्षं अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते. ॲस्पिरिन बनवण्याचं प्रात्यक्षिक चालू होतं. पांढरे स्फटिक गाळून झाले होते, मुलं जर्नलवर सहीसाठी रांगेत उभी होती. एका मुलीनं विचारलं, "मॅडम, गोळी पोटात गेल्यावर तिला कसं कळतं कुठे दुखतंय?"

"ते जीवशास्त्रात येईल," असं सांगून मी सही केली. जीवशास्त्राच्या तासाला ते कुणी शिकवणार नाही, हे मला माहीत होतं. त्या उत्तराची खंत अजून जात नाही.

पुढच्या तासाला धडा बाजूला ठेवला. गोळीला काहीच कळत नाही, ती रक्ताबरोबर सगळीकडे जाते. इजा झालेल्या जागी पेशी प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार करतात आणि तिथल्या नसा हळव्या होतात. ही रसायनं बनवणाऱ्या विकरावर (एन्झाइमवर) ॲस्पिरिनमधला, आपण फळ्यावर काढतो तोच ॲसिटिल गट, म्हणजे अणूंचा एक छोटा समूह, जाऊन चिकटतो आणि त्याचं काम थांबतं. ॲस्पिरिनमुळे प्रोस्टाग्लँडिन बनणं थांबतं, हे ब्रिटिश औषधशास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं. पण जठराचं अस्तर सांभाळतात तीही प्रोस्टाग्लँडिनंच. "म्हणजे म्हणूनच या गोळ्यांनी पोट बिघडतं?" मागच्या बाकावरून आवाज आला. दुष्परिणामांची यादी मी कधीच पाठ करून घेतली नव्हती, आणि आता त्याची गरजही उरली नाही.

मग हिशेब मांडला. ॲस्पिरिन दोन पदार्थांपासून बनतं: सॅलिसिलिक ॲसिडचं रेणुवस्तुमान १३८, ॲसिटिक ॲनहायड्राइडचं १०२, बेरीज २४०. त्यातून ॲस्पिरिन मिळतं १८०. सगळी अभिक्रिया पूर्ण झाली तरी पाव भाग ॲसिटिक ॲसिड होऊन बाजूला पडतो. आयबुप्रोफेन या दुसऱ्या वेदनाशामकाच्या जुन्या ६ टप्प्यांच्या पद्धतीत तर कच्च्या मालाचा जेमतेम ४० टक्के भाग औषधात उतरत असे. नव्या ३ टप्प्यांच्या पद्धतीनं तो ७७ टक्क्यांवर नेला. औषध तेच, कचरा कितीतरी कमी. पर्यावरणाच्या पुस्तकात 'प्रदूषण टाळा' असं लिहिलेलं असतं. ते कसं टाळतात हे मुलांना या आकड्यांत दिसलं.

शेवटी गिधाडांबद्दल बोललो. डायक्लोफेनॅक हेही याच कुळातलं वेदनाशामक. ते दिलेलं जनावर लवकरच दगावलं आणि गिधाडांनी खाल्लं, तर त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. दक्षिण आशियातली गिधाडं झपाट्यानं का नाहीशी झाली, हे कोडं २००४ मध्ये उलगडलं. २००६ मध्ये भारत, नेपाळ आणि पाकिस्ताननं जनावरांसाठी या औषधावर बंदी आणली. वर्ग बराच वेळ गप्प होता.

हे सगळं एका गोळीवरून निघालं. आपण मात्र तिचे तीन तुकडे करून तीन विषयांत वाटतो आणि परीक्षेत प्रत्येक तुकड्यावर वेगळा प्रश्न घालतो. अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: नवा विषय नको, जाडजूड पुस्तकही नको. जर्नलमध्ये 'निष्कर्षा'खाली एक रकाना वाढवा: 'हा पदार्थ शरीरात काय करतो आणि नंतर कुठे जातो?' आणि त्याला गुण ठेवा. आमच्या वर्गानं तो रकाना पट्टी-पेन्सिलीनं आखूनही घेतला आहे.

आपली,
रसायनशास्त्राची एक शिक्षिका