उठाबशांची शिक्षा नको

महोदय,

माझा पुतण्या गावातल्या शाळेत तिसरीत शिकतो. त्याला ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी हा स्नायू हळूहळू क्षीण करणारा आजार आहे. जमिनीवरून उठताना तो आधी गुडघ्यांवर, मग मांड्यांवर हात रेटत उभा राहतो; शिक्षकांना तो आळस वाटला आणि त्यांनी त्याला वीस उठाबशा काढायला लावल्या. दोन दिवस पोटऱ्या दुखत होत्या. या आजारात पोटऱ्या भरदार दिसतात, त्यामुळे मूल धडधाकट असल्याचा समज होतो, हेही खरे.

उठाबशा, उड्या, जिना उतरणे यांत स्नायू ताणला जात असतानाच त्यावर भार येतो आणि दुबळ्या तंतूंना इजा होते. श्रमानंतर लघवी कोऱ्या चहासारखी काळपट झाली, तर मुलाला तातडीने डॉक्टरांकडे न्यावे लागते. मात्र म्हणून त्याला पूर्ण तास कडुनिंबाखाली इतरांची दप्तरे राखायला बसवावे असे नाही, आणि आता नेमके तेच चालले आहे. बसून चेंडू झेलणे, कॅरम, दमण्याआधी थांबण्याची मुभा, एवढे कोणत्याही शाळेला जमण्यासारखे आहे. पोहणे उत्तम म्हणतात, पण आमच्याकडे उन्हाळ्यात विहिरींचाच तळ दिसतो.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमातील २१ प्रकारांत हा आजार मोडतो आणि कलम १६ मध्ये इतरांच्या बरोबरीने खेळाची संधी देण्याची तरतूद आहे. जिल्हा परिषदेने शिक्षकांच्या प्रशिक्षणात या आजाराची माहिती द्यावी, ही विनंती.

– एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ