ती जागा ‘मोकळी’ नाही

महोदय,

शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयाच्या जमिनीचा विषय निघाला की ‘शहराच्या मधोमध एवढी मोकळी जागा पडून आहे’ हे वाक्य ठरलेलं. रेंजहिल्सचा मेट्रो डेपो याच जमिनीवर झाला. मेट्रो हवीच होती, त्याबद्दल वाद नाही. पण संशोधनाचा प्लॉट म्हणजे पडीक रान नव्हे. (आपल्यापैकी बहुतेकांना हे आवार प्रदर्शनाच्या वेळी गाडी लावण्यापुरतंच ठाऊक, हेही खरं.)

कणसांना कागदी पिशव्या बांधलेली ज्वारी एकदा जवळून पाहा. दुसऱ्या ताटाचा पराग पडू नये म्हणून एकेक कणीस हाताने झाकलेलं असतं. शेजारी रात्रभर लख्ख दिवे लागले तर सोयाबीनसारखं पीक फुलायलाच उशीर करतं. म्हणजे प्लॉट न घेताही प्रयोग बिघडवता येतो.

‘राहुरीला कृषी विद्यापीठाची जमीन आहे की, प्रयोग तिकडे न्या’ असा सल्ला मिळतो. कार्यालय हलवता येईल, माती कशी हलवणार? कोइमतूरला १९०९ पासून एकाच शेतात खतांचा प्रयोग चालू आहे. त्याची किंमत त्या सलग वर्षांत आहे.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खाली जमिनीचा वापरबदल करायचा झाला तर नोटीस काढावी लागते आणि हरकतींसाठी महिनाभराची मुदत असते. त्या नोटिशीत सर्व्हे नंबर आणि क्षेत्रफळासोबत, त्या तुकड्यावर कुठला प्रयोग किती वर्षं चालू आहे, तेही छापावं.

– एक वाचक, पुणे